उलटं फिरवलेलं सीट

आमच्या लहानपणी सायकल तासावर मिळायची. तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडला लागून एक दुकान होतं. बाहेर पाच-सहा मोठ्या सायकली आणि दोन बारक्या उभ्या असत. दुकानाचे मालक, सगळी मुलं त्यांना मामाच म्हणायची, वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचे. त्याआधीचं एक मिनिट मात्र आमचं असायचं. पुढचं-मागचं टायर अंगठ्यानं दाबून बघायचं. घोड्यावर लावून पायडल उलटं फिरवायचं, म्हणजे चेन सैल आहे का ते कळतं. ब्रेक दाबायचे. मागचं चाक हातानं गरकन फिरवून त्याला आऊट आहे का ते बघायचं. एकदा वहीत वेळ पडली की चेन बसवण्यात गेलेली दहा मिनिटं आपल्याच तासातून जाणार, हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

आज पॅरिसमध्ये सकाळी आठ वाजता कुठल्याही सार्वजनिक सायकल स्टेशनपाशी उभं राहिलं, तर कोट घातलेली, पाठीवर लॅपटॉपची सॅक अडकवलेली माणसं नेमकं हेच करताना दिसतात. टायर दाबतात, ब्रेक ओढून बघतात, पायडलला टाचेनं उलटा झटका देतात. फरक एवढाच, की तिथं मामा नाहीत. सायकल मोबाइलवरून किंवा कार्डावरून सुटते आणि वेळ यंत्र लिहितं. मामा नसल्यामुळे एक मोठी अडचण झाली होती. ही सायकल बिघडलेली आहे हे पुढच्या माणसाला सांगायचं कोणी? त्याचं उत्तर पॅरिसकरांनी स्वतःच काढलं. आपल्याला मिळालेली सायकल खराब निघाली, की ती जागेवर परत लावायची आणि तिचं सीट उलटं, म्हणजे टोक मागे करून, फिरवून ठेवायचं. ही खूण कुठल्या पाटीवरून सुरू झालेली नाही. वापरणाऱ्यांनी एकमेकांचं बघून ती उचलली आणि आता लांबून नुसती नजर टाकली तरी रांगेतल्या किती सायकली कामाच्या आहेत ते कळतं.

मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वात मोलाची वाटते ती ही खूण. विजेची मोटर, बॅटरी, ॲप यांबद्दल पुढे लिहायचंच आहे. पण भाड्याच्या सायकलीवर बसणाऱ्या माणसाला काय हवं असतं, ते या उलट्या सीटइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही. त्याला भरवसा हवा असतो. निघताना धड सायकल मिळेल आणि पोहोचल्यावर ती लावायला जागा मिळेल, एवढाच.

या सेवेचं नाव वेलिब. फ्रेंचमध्ये सायकलला ‘वेलो’ म्हणतात आणि स्वातंत्र्याला ‘लिबर्ते’. दोन्ही जोडून हा शब्द झाला. १५ जुलै २००७ रोजी, महापौर बर्त्राँ दलानोए यांच्या काळात, ती सुरू झाली. सुरुवातीला १० हजारांच्या आसपास सायकली होत्या, त्या वर्षभरात दुप्पट झाल्या. कल्पना नवी नव्हती. ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली तरुणांच्या एका चळवळीनं पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलपाविना रस्त्यावर ठेवल्या आणि पोलिसांनी त्या उचलून नेल्या. फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या गावात १९७०च्या दशकापासून पिवळ्या सायकली होत्या. कोपनहेगननं १९९५मध्ये नाणं घालून सुटणारी सायकल आणली आणि लियाँ शहरानं २००५मध्ये कार्डाची. पण पॅरिसनं ती इतक्या मोठ्या प्रमाणावर केली, की जगातल्या अनेक शहरांनी पुढे तिच्याकडे बघूनच आपापले आराखडे केले. एक जाहिरात कंपनी सायकली चालवायची आणि बदल्यात शहरातले जाहिरातफलक तिला मिळायचे, असा करार होता. पहिल्या दोन-अडीच वर्षांतच मूळच्या सायकलींपैकी बहुतांश चोरीला गेल्या किंवा मोडल्या. तरी लोकांनी ही सेवा सोडली नाही.

तेव्हा सगळ्या सायकली पायांनी चालवायच्या होत्या आणि जड होत्या, जवळजवळ २२ किलोच्या. रोज हजारो हात लागणार, पावसात उभी राहणार, तर ती दणकट हवीच. पण या वजनाला पॅरिसचा चढ आडवा आला.

पॅरिस सपाट आहे असं फोटो बघून वाटतं. सेन नदीच्या काठानं ते आहेही. पण नदीकाठ समुद्रसपाटीपासून तीसेक मीटरवर आहे आणि उत्तरेची मोंमार्त्र टेकडी सुमारे १३० मीटरवर. पूर्वेचं बेलविल आणि मेनिलमोंताँ जवळजवळ तितक्याच उंचीला जाऊन भिडतात. म्हणजे नदीपासून घरापर्यंत शंभर मीटर चढ. तीस मजली इमारत जिन्यानं चढण्याएवढा. बेलविलला राहणारा माणूस सकाळी सायकल काढायचा, वाऱ्यासारखा खाली कामावर जायचा आणि संध्याकाळी मेट्रोनं घरी यायचा. परिणाम असा की सायकली पाण्यासारख्या उताराकडे वाहून जायच्या. सकाळी दहा वाजता वरची स्टेशनं रिकामी आणि खालची तुडुंब. मग ट्रक भरभरून सायकली पुन्हा वर न्यायच्या. २००८मध्ये एक उपाय निघाला. ६० मीटरपेक्षा उंचावरच्या सुमारे १०० स्टेशनांवर जो कोणी सायकल आणून लावेल, त्याला १५ मिनिटं जास्तीची फुकट. चांगला विचार होता. पण दिवसभर काम करून दमलेल्या माणसाला पंधरा मिनिटांसाठी २२ किलोचं लोखंड टेकडीवर ढकलायचं बळ येत नाही.

ते बळ मोटरनं दिलं. किती दिलं याचा हिशेब सोपा आहे आणि करून बघण्यासारखा आहे. माणूस ७० किलोचा आणि सायकल २५ किलोची धरू. चढ शंभर मीटरला सहा मीटर, म्हणजे चांगलाच दमवणारा. हे ९५ किलो वजन त्या चढावर वर नेताना मागे ओढणारं बल ५६ न्यूटनच्या आसपास असतं, टायरचं घर्षण धरून ६३. व्यायामाची खास सवय नसलेला निरोगी माणूस बराच वेळ पायडल मारत राहिला तर १०० वॅट शक्ती देऊ शकतो. त्या शक्तीत तो या चढावर ताशी सहा किलोमीटरनं जाईल. इतक्या वेगानं तर पायीही जाता येतं, आणि इतक्या कमी वेगात सायकलचा तोल सांभाळणंही अवघड. आता मोटरनं १५० वॅटची जोड दिली, तर तोच माणूस तेवढ्याच कष्टात ताशी १४ किलोमीटरनं चढतो. घाम न येता. ऑफिसला शर्ट न बदलता.

युरोपात अशा सायकलींसाठी नियम आहे. मोटर जास्तीत जास्त २५० वॅटची आणि तिची मदत फक्त पायडल मारत असतानाच. वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचला की मोटरनं थांबायचं, पुढे पळवायचं असेल तर पायांनी. पायडलपाशी किंवा दांड्याजवळ बसवलेला सेन्सर बघतो की पाय फिरतायत का, काही सायकलींत पाय किती जोर लावतायत हेही मोजतो, आणि त्यानुसार मोटर सुरू होते. ॲक्सिलरेटर नाही. म्हणून ती मोपेड न ठरता कायद्यानंही सायकलच राहते.

वापरणाऱ्याला हे सगळं दोन ठिकाणी जाणवतं. पहिलं सिग्नलला. साधी जड सायकल उभ्या स्थितीतून हलवताना पहिली दोन-तीन पायडलं जिवावर येतात. मागे बस गुरगुरत असते, पुढचं चाक डगमगतं. मोटरची सायकल पहिल्या पायडलालाच कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखी सरळ निघते. नव्यानं सायकल चालवणाऱ्या, वय झालेल्या, किंवा शहरातल्या गर्दीला घाबरणाऱ्या माणसाला या दोन सेकंदांची किंमत चढापेक्षाही जास्त वाटते. दुसरं ठिकाण वाईट आहे. वाटेत बॅटरी संपली की तीच सायकल अचानक दुप्पट जड होते. मोटर आणि बॅटरीचं ओझं आता तुमच्या पायांवर. पॅरिसमध्ये असं ऐन चढावर होतं, कारण बॅटरी सर्वात जास्त तिथंच खर्च होते.

जानेवारी २०१८मध्ये पॅरिसनं वेलिब नव्या कंपनीकडे दिली. स्मोव्हेंगो नावाचा हा चार कंपन्यांचा गट होता. करार पंधरा वर्षांचा. साध्या सायकली हिरव्या आणि विजेच्या निळ्या, सुरुवातीला निळ्यांचं प्रमाण ३० टक्के. सगळी जुनी स्टेशनं उखडून नवी बसवायची होती. १ जानेवारीला सहाशे स्टेशनं तयार असतील असं ठरलं होतं. प्रत्यक्षात शंभरही नव्हती. त्यानंतरचे सहा महिने पॅरिसच्या सायकलवाल्यांनी जे सोसलं, ते मला तपशिलानं सांगावंसं वाटतं. विजेच्या सायकलींबद्दल बोलताना सगळे सायकलीबद्दल बोलतात, आणि तिच्या खालच्या खड्ड्याबद्दल कोणी बोलत नाही.

खड्डा म्हणजे खरोखरचा खड्डा. नव्या प्रत्येक स्टेशनला भुयारी तारेनं विजेची जोडणी हवी होती. रस्ता खणायचा, परवानगी घ्यायची, वीज कंपनीची माणसं येईपर्यंत थांबायचं. ही कामं वेळेत झाली नाहीत. मग स्टेशनं उघडी दिसावीत म्हणून ती तात्पुरत्या बॅटरीवर चालवली गेली. ही बॅटरी कुलपं उघडायला, सायकल कोणाच्या नावावर गेली ते नोंदवायला कशीबशी पुरायची आणि थोड्या दिवसांनी बदलावी लागायची. तिच्यावर निळ्या सायकलीची बॅटरी भरणं शक्यच नव्हतं. उलट निळी सायकल येऊन उभी राहिली की स्टेशनची बॅटरी आणखी लवकर उतरायची. आणि स्टेशनची बॅटरी उतरली की हिरव्या सायकलीही कुलपात अडकायच्या. म्हणजे मोटरची सायकल आणल्यामुळे पायांची सायकलही बंद पडली. मे महिन्यात निळ्या सायकली काही काळ बाजूला काढाव्या लागल्या. त्यात एप्रिलमध्ये कामगारांचा संप झाला, कारण रात्री-अपरात्री बॅटऱ्या बदलत आणि सायकली वाहत फिरणारी तीच माणसं होती.

वापरणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना मोबाइलवर दिसायचं की कोपऱ्यावरच्या स्टेशनात सहा सायकली आहेत. जाऊन बघावं तर एकही सुटत नाही. सायकल परत लावली, तरी यंत्राच्या मते ती अजून तुमच्याकडेच, आणि मीटर चालूच. सायकल लावल्यावर छोट्या पडद्यावर प्रवास संपल्याची खूण येईपर्यंत आणि बीप ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही सवय पॅरिसकरांना तेव्हा लागली. आजही ते हँडलवर हात ठेवून दोन क्षण थांबतात. वर्गणीदारांना भरपाई द्यावी लागली, कंपनीला दंड झाला, महापौर आन हिदाल्गो यांच्यावर टीकेची झोड उठली. हळूहळू जोडण्या झाल्या, स्टेशनं वाढली. डिसेंबर २०१९मध्ये पेन्शनच्या प्रश्नावर वाहतूक कामगारांचा मोठा संप झाला आणि मेट्रो ठप्प झाली, तेव्हा लोक पुन्हा वेलिबकडे आले. पुढच्या वर्षी कोविडमुळे मेट्रोची भीती बसली, रिव्होली रस्त्यासारखे मोठे रस्ते मोटारींना जवळजवळ बंद करून सायकलींना दिले गेले आणि २०२०च्या सप्टेंबरात एका दिवसात २ लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या. आज पॅरिस आणि भोवतालच्या साठाहून जास्त गावांत मिळून १,४०० पेक्षा जास्त स्टेशनं आहेत आणि निळ्या सायकली जवळपास ४० टक्के आहेत.

पण कोपऱ्यावरच्या सहा सायकलींचं कोडं मात्र पूर्ण सुटलेलं नाही, आणि ते कधी पूर्ण सुटणारही नाही. त्यामागे चाळणीचा नियम आहे. समजा एका स्टेशनात रात्री वीस सायकली आहेत. त्यातल्या दोन बिघडलेल्या. सकाळी लोक येतात, चांगल्या निवडून घेऊन जातात. अठरा गेल्या. आता स्टेशनात दोनच उरल्या आणि दोन्ही खराब. मोबाइल मात्र सांगतो, ‘दोन उपलब्ध’. म्हणजे शहरातल्या दहा टक्केच सायकली बिघडलेल्या असल्या, तरी उशिरा पोहोचणाऱ्या माणसाच्या वाट्याला शंभर टक्के खराब सायकली येतात. तो म्हणतो, सगळी सेवाच मोडकळीला आलीय. कंपनी म्हणते, नव्वद टक्के सायकली उत्तम आहेत. दोघंही खरं बोलत असतात.

मुरलेले वापरणारे यावरून आपापले ठोकताळे बांधतात. स्टेशनात एक-दोनच सायकली दिसत असतील आणि अर्धा तास झाला तरी तो आकडा हललेला नसेल, तर त्या नक्की बिघडलेल्या. तिकडे जायचं नाही. सात-आठ दिसत असतील तर एखादी तरी धड मिळेल. ज्या सायकलीचं सीट तुमच्या उंचीला आधीच बसवलेलं आहे आणि हँडलवर धूळ नाही, ती थोड्या वेळापूर्वी कोणीतरी चालवून आणली, म्हणजे ती चालते. सीटवर पावसाचे जुने डाग, टोपलीत वाळकी पानं असली, तर बरेच दिवस तिला कोणी हात लावलेला नाही. आणि सीट उलटं असेल तर प्रश्नच मिटला.

जागेचा प्रश्न याच्या उलट बाजूनं येतो. संध्याकाळी नाट्यगृहांच्या भागात, सकाळी ऑफिसांच्या भागात स्टेशनं भरलेली. सायकल लावायला जागा नाही आणि वेळ तर चालूच. नव्या वेलिबमध्ये यासाठी एक चांगली सोय केलेली आहे. सायकलीलाच हँडलपाशी एक केबल दिलीय. जागा भरल्या असतील तर लावलेल्या दोन सायकलींच्या मध्ये आपली घुसवायची आणि केबलनं शेजारच्या सायकलीला अडकवायची. त्यामुळे ज्या स्टेशनांवर ही सोय चालू असते, तिथं जवळजवळ दुप्पट सायकली मावतात. अडचण एवढीच की मधली सायकल निघेपर्यंत बाजूची काढायला हातांची कसरत करावी लागते. आणि अशी मध्ये अडकवलेली निळी सायकल जागेला जोडलेली नसल्यामुळे भरली जात नाही.

निळ्या सायकलीमुळे उताराचं वाहणं मात्र खरंच बदललं. बेलविलची माणसं आता संध्याकाळी सायकलनंच घरी येतात. रात्री एक-दीडनंतर मेट्रो बंद झाली की हॉटेलांत भांडी घासणारी, रुग्णालयांत पाळी संपवून निघालेली, शहराबाहेरच्या वस्त्यांत राहणारी माणसं निळ्या सायकलीवरून दहा-बारा किलोमीटर जातात. पायाच्या सायकलनं दिवसभराच्या कामानंतर हे अंतर कापणं फार थोड्यांना जमलं असतं. त्या अंतरावर कोण राहतं हे बघितलं, की मोटरचं महत्त्व कळतं.

पण म्हणूनच निळी सर्वांना हवी. दहातल्या चार सायकली निळ्या आहेत, आणि त्या रांगेत क्षणभरही टिकत नाहीत. सतत फिरत असल्यामुळे त्यांना जागेवर उभं राहून भरून घ्यायलाच वेळ मिळत नाही. दुपारनंतर स्टेशनात निळी दिसलीच तर बहुतेक वेळा बॅटरी तळाला गेलेली. शिवाय दर वेगळा. हिरवीचा पहिला अर्धा तास वर्गणीत धरलेला असतो, निळीचे पैसे बहुधा वेगळे लागतात. जास्त वर्गणी भरणाऱ्याला निळीच्या ठरावीक फेऱ्या मिळतात, त्यापुढे पुन्हा पैसे. थोडक्यात, सर्वात लांब राहणाऱ्याला आणि सर्वात दमलेल्याला जी सायकल हवी, तीच महाग आणि तीच दुर्मीळ.

माद्रिदनं हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवला. तिथल्या ‘बिसिमाद’ सेवेत २०१४मध्ये पहिल्या दिवसापासून सगळ्याच सायकली विजेच्या होत्या, सुमारे १,५६० सायकली आणि १२३ स्टेशनं. ते शहर तर पॅरिसहून जास्त चढउताराचं. साधी आणि विजेची असा भेदच नसल्यामुळे हिरवी-निळीची चढाओढ नाही. वर त्यांनी रिकाम्या-भरल्या स्टेशनांचं गणित सोडवायला लोकांचीच मदत घेतली. भरलेल्या स्टेशनातून सायकल उचललीत, किंवा रिकाम्या स्टेशनात नेऊन लावलीत, तर प्रत्येक वेळी दहा सेंटची सूट मिळायची. पॅरिसच्या पंधरा मिनिटांची ही पुढची आवृत्ती, आणि मोटर सोबत असल्यामुळे इथं ती जास्त पटते. खासगी कंपनीला ही सेवा झेपली नाही, म्हणून २०१६मध्ये शहराच्या बस कंपनीनं ती हातात घेतली. २०२३मध्ये सायकली साडेसात हजारांवर नेऊन ती शहराच्या सर्व २१ विभागांत पोहोचवली. मला यातली बस कंपनीची गोष्ट महत्त्वाची वाटते. सायकल ही बससारखीच रोजच्या जाण्यायेण्याची सोय आहे असं एकदा मानलं, की रिकाम्या स्टेशनाकडेही चुकलेल्या बसइतक्याच गांभीर्यानं बघितलं जातं.

पॅरिसच्या निळ्या सायकलींवर आणखी एक माणूस दिसतो. पाठीवर चौकोनी मोठी पेटी, हँडलला बांधलेला मोबाइल. जेवणं पोहोचवणारा. वेलिबच्या नियमांत धंद्यासाठी वापराला मनाई आहे. तरी ज्याच्याकडे स्वतःची विजेची सायकल घ्यायला पैसे नाहीत, बहुधा नव्यानं त्या देशात आलेला, तो निळी शोधत फिरतो. त्याच्यासाठी बॅटरीची टक्केवारी म्हणजे त्या रात्रीची कमाई. इतर वापरणारे कुरकुरतात की सगळ्या निळ्या हेच लोक नेतात. त्यांची तक्रार खोटी नाही. पण शहर ज्याच्या हातचं गरम जेवण घरपोच मागतं, त्याला शहरानं चाक कुठलं द्यायचं हा प्रश्न त्या कुरकुरीनं मिटत नाही.

हाच माणूस आपल्याकडे मुंबईत, पुण्यात, बंगळुरूत भेटतो, आणि इथं तर तोच या सेवेचा मुख्य गिऱ्हाईक झालाय. पुण्यानं २०१७च्या अखेरीस विद्यापीठाच्या आवारात आणि मग औंध वगैरे भागांत भाड्याच्या सायकली आणल्या. त्या पायांच्या होत्या आणि त्यांना ठरलेलं स्टेशन नव्हतं, काम झालं की कुठंही लावायच्या. सायकलींचं शहर म्हणून ओळख असलेल्या पुण्यानं पहिले काही महिने त्या हौसेनं चालवल्या. मग कुलपं तुटली, सीटं गेली, सायकली गल्लीबोळात पडून राहिल्या आणि काही वर्षांतच रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. जे टिकलं ते युलू नावाच्या कंपनीचं विजेचं वाहन. २०१९मध्ये ते मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. वांद्रे किंवा कुर्ला रेल्वे स्टेशनला उतरून ऑफिसपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर शेअर रिक्षाच्या रांगेत घालवणाऱ्यांसाठी ती मोठीच सोय होती.

युलूला पायडल नाही. हँडलची मूठ पिळली की ती चालते. आपल्याकडच्या नियमानुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर वाहनाची नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्सही. युरोपातही २५० वॅट आणि २५ किलोमीटर हेच आकडे आहेत. पण तिथं पाय फिरले पाहिजेत ही अट आहे, आपल्याकडे ती नाही. या एका अटीनं दोन वेगळी वाहनं जन्माला आली. पॅरिसची निळी ही चढावर मदत मिळालेली सायकल आहे. आपली युलू ही अगदी हलकी, हळू चालणारी स्कूटर आहे. मुंबईच्या मे महिन्यात पायडल न मारणं हेच सुख, हे मला मान्य आहे. तरी तिच्यातून पायांची जोड गेली की सगळा भार बॅटरीवर पडतो. म्हणून स्टेशनात उभी राहून ती भरून घेण्याची वाट इथं बघत बसता येत नाही, रिकामी बॅटरी काढून भरलेली घालावी लागते. त्यासाठी शहरभर बॅटरी बदलायची केंद्रं उभी राहिली. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणारा जेवण पोहोचवणारा मुलगा दोन मिनिटांत बॅटरी बदलून पुढे जातो. पॅरिसमध्ये जे त्याच्या भावाला नियमाबाहेर जाऊन करावं लागतं, ते इथं त्याच्यासाठीच बेतलेलं आहे. तो हे वाहन दिवसाच्या, आठवड्याच्या भाड्यानं घेतो. रोजच्या कमाईतलं भाडं आधी बाजूला काढतो. आमचे मामा तासाचे पैसे मोजून घ्यायचे, त्याच हिशेबाचं हे मोठं रूप आहे. पण त्याला वाहन बिघडलेलं दिलं, तर त्याचा तास नाही, पूर्ण दिवस जातो.

त्याच्यासाठी मला उलट्या सीटसारखं काहीतरी आपल्याकडे रुजलेलं बघायला आवडेल. ॲपमध्ये तक्रारीचं बटण आहे, ते दाबावंच. पण ते दाबून कळतं कंपनीला. शेजारी उभ्या असलेल्या, घाईत असलेल्या, पुढच्या मिनिटाला त्याच वाहनाला हात घालणाऱ्या माणसाला ते कळत नाही. पॅरिसकरांनी काढलेली खूण थेट त्याच्यासाठी आहे. तिला इंटरनेट लागत नाही, बॅटरी लागत नाही. ती करायला पाच सेकंद लागतात आणि करणाऱ्याला स्वतःला तिचा काडीचा फायदा नसतो.

मोंमार्त्रच्या पायथ्याशी पहाटे दुरुस्तीची गाडी येते. गाडीतला माणूस रांगेवरून नजर फिरवतो, उलट्या सीटच्या तीन सायकली बाजूला काढतो. एकीची चेन बसवतो, दुसरीत हवा भरतो, तिसरी गाडीत चढवतो. मग पहिल्या दोघींची सीटं एकेक करून सरळ करतो, कुलपाचा खटका वाजेपर्यंत थांबतो, आणि गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघते.